संगणकाचा सामान्य धनी

रायपूरच्या गोल बाजारात सायंकाळच्या गर्दीत आपण कधी एखाद्या दुकानाच्या पायरीशी उभे राहिला आहात काय? एके काळी तेथे गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची चोपडी असे. आज बहुतेक ठिकाणी तिच्या जागी संगणक आला आहे. दुकानदार संगणकशास्त्र शिकलेला नसतो आणि यंत्राच्या पोटात काय चालते याची त्याला फारशी जिज्ञासाही नसते. रात्री हिशेब जुळावा आणि सकाळी यंत्र मुकाट्याने सुरू व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा. ही साधी अपेक्षा ज्या सॉफ्टवेअर कंपन्यांना उमगली, त्यांना घराघरांत व दुकानादुकानांत स्थान मिळाले.

प्रथम हिशेबाचीच गोष्ट घ्या. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग व कच्चा माल पुरवीत. स्वतःच्या धंद्यास सोयीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते घरीच तयार केले. १९८६ साली स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे ‘टॅली’ या नावाने सर्वत्र ओळखली गेली. पूर्वीच्या प्रणालींत प्रत्येक खात्यास सांकेतिक क्रमांक द्यावा लागे आणि तो ध्यानातही ठेवावा लागे. टॅलीने ही कटकट दूर केली. गिऱ्हाइकाचे नाव लिहावे आणि त्याचे खाते उघडावे, इतके ते सोपे झाले. व्यापारी ज्या रीतीने विचार करतो, त्या रीतीने यंत्राने चालावे, हेच या यशाचे मर्म होय.

परंतु हिशेब संगणकात गेला म्हणजे निश्चिंती झाली, असे नाही. १९८६ सालीच ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून संगणकासंगणकांत पसरू लागला होता. पुढे ‘मायकेलअँजेलो’ आला. ६ मार्च या दिवशी साठविलेली माहिती नष्ट करणे, हा त्याचा धर्म. १९९२ साली त्याच्या धास्तीने जगभर खळबळ उडाली. वर्षाचा हिशेब किंवा मुलीच्या लग्नाची छायाचित्रे एका क्षणात नाहीशी होणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच कळते.

या संकटावरील एक उपाय एका दुरुस्तीच्या दुकानातून आला, ही गोष्ट आपल्या मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात रेडिओ व कॅलक्युलेटर दुरुस्त करण्याच्या नोकरीस लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले व संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्तीस येणारी यंत्रे वारंवार व्हायरसने ग्रासलेली असत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर औषध रचण्यास आरंभ केला. १९९५ साली ते ‘क्विक हील’ म्हणून विक्रीस आले. ‘त्वरित बरे करणारे’ हा त्या नावाचाच अर्थ. २००७ साली कंपनीनेही हेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात आले.

या यशामागे केवळ बुद्धी नव्हती. दुरुस्ती करणारा माणूस गिऱ्हाइकाचा चिंताक्रांत चेहरा रोज पाहतो आणि नेमके काय बिघडले हे त्याच्याच शब्दांत ऐकतो. शिवाय हे सॉफ्टवेअर गावोगावच्या संगणक विक्रेत्यांच्या व कारागिरांच्या हातून विकले गेले. रायपूरच्या गृहस्थाला पुण्याची कंपनी अपरिचित असेल. पण गल्लीतला कारागीर त्याच्या ओळखीचा असतो. विश्वास हा असा ओळखीच्या वाटेनेच घरात येतो.

मात्र एकदा मिळालेला विश्वास कायमचा नसतो. २०१२ सालच्या ‘विंडोज ८’पासून व्हायरसविरोधी संरक्षण विंडोजबरोबर विनामूल्य मिळू लागले. मग वेगळे पैसे का मोजावेत, असा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर ज्या कंपनीजवळ असेल, तीच टिकेल.

तेव्हा वाचकहो, सॉफ्टवेअर घेताना केवळ जाहिरातीवर भुलू नका. दुसऱ्या वर्षी किती पैसे पडतील? अडचण आल्यास आपल्या भाषेत बोलणारा कोणी भेटेल काय? उद्या ते सोडावेसे वाटले, तर आपली माहिती सुखरूप बाहेर काढता येईल काय? हे तीन प्रश्न अवश्य विचारा. आणि कितीही नामवंत कंपनी असली, तरी महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकाबाहेर निराळी ठेवा. दारावर राखणदार असला, तरी कुलूप लावण्याचे काम घरधन्यालाच करावे लागते.