चावीचा कॅमेरा : आयमो

आयमो हा शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीचा, स्प्रिंगवर चालणारा ३५ मिलीमीटर फिल्मचा कॅमेरा. तो १९२५ साली बाजारात आला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे, त्यामुळे तिपाई लागायचीच. आयमोला आधी चावी देऊन ठेवली की कॅमेरामनचे दोन्ही हात मोकळे. वीज नको, बॅटरी नको. गर्दी, पूर, रणांगण अशा ठिकाणी वृत्तचित्रणासाठी तो म्हणूनच पसंत पडला. स्पेनच्या यादवी युद्धात छायाचित्रकार रॉबर्ट कापाकडेही आयमो होता.

चावी फिरवली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. बटण दाबल्यावर ती उलगडू लागते आणि दातेरी चाकांमार्फत झडप व फिल्म ओढणारा आकडा दोन्ही चालवते. ताण ओसरत गेला तरी वेग ढळू नये, म्हणून गतिनियंत्रक असतो. फिल्मचे रीळ १०० फुटांचे. एका फुटात १६ फ्रेम आणि सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने ते जेमतेम ६७ सेकंद पुरते. एका चावीत साधारण ५५ फूट फिल्म चाले, म्हणजे सदतीसेक सेकंद. रीळ अंधाऱ्या खोलीशिवाय, सावलीत बदलता येई. सुरुवातीचे काही फूट मात्र उजेड लागून वाया जात. काही मॉडेलांवर तीन लेन्सची फिरती तबकडी असे.

मर्यादाही होत्या. दृश्यदर्शक मुख्य लेन्सपासून वेगळा असल्याने जवळच्या चित्रणात चौकट किंचित सरके. यंत्राच्या घरघरीमुळे सोबत ध्वनिमुद्रण करणे अवघड. निवेदन आणि संगीत मागाहून स्टुडिओत जोडले जाई. स्प्रिंग संपण्याआधी शॉट संपवणे भाग असल्याने कॅमेरामन घटनेतला नेमका क्षण हेरून तेवढाच टिपत. वृत्तपटांतल्या तुटक, छोट्या दृश्यांमागे हेही एक कारण होते.

मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ हे तिचे साप्ताहिक वृत्तपट निघू लागले. अशा कामात आयमोचा मोठा फायदा असा की निगेटिव्ह ३५ मिलीमीटरचीच असल्याने तिच्यावरून थेट चित्रपटगृहाच्या प्रिंट काढता येत. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा वृत्तपट दाखवण्याचे बंधन परवान्यातच होते. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या प्रेक्षकांप्रमाणे पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांतले प्रेक्षकही दिल्लीतले समारंभ आणि धरणांची बांधकामे पडद्यावर पाहत. प्रिंट फिरत फिरत येई, तोवर बातमी बहुधा शिळी झालेली असे.

लेन्समधूनच चौकट दाखवणारा, विजेच्या मोटरवरचा ॲरिफ्लेक्स आला आणि आयमो मागे पडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर वृत्तपटांचीही निकड घटली. तरीही आटोपशीर आणि दणकट असल्याने अपघात, स्फोट यांसारख्या दृश्यांत, जिथे महागडा कॅमेरा ठेवणे धोक्याचे, तिथे चित्रपटवाले पुढेही बरीच वर्षे आयमोच लावत राहिले.