दुसरी किल्ली

सराफाच्या दुकानात मखमलीवर निवांत पहुडलेली चांदी आपण पाहतो. तिथवर येण्याआधी तिला ९६१ अंश सेल्सिअसला वितळावे लागते, हे घेणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही. अलीकडे मात्र निवृत्त मंडळी, गृहिणी, कॉलेजातली मुले घरच्या घरी अंगठ्या, कानातली घडवू लागली आहेत. हत्यारे कुरिअरने येतात, धडे मोबाइलच्या पडद्यावर मिळतात. हौसेला मोल नसते आणि वयही नसते. पण या शिक्षणात एक उणीव आहे. 'थांब' म्हणणारे कुणी जवळ नसते.

कोल्हापूरजवळच्या हुपरीसारख्या गावात चांदीचे काम घराघरांतून चालते. तिथले मूल हे काम करण्याआधी कितीतरी वर्षे नुसते पाहते. मूस उचलताना कुणी मागे सरायचे, हे त्याला हातोडी हाती येण्याआधीच कळते. एकट्याने शिकणाऱ्याला अशी पडवी लाभत नाही.

त्यातून या कामातले बरेच धोके डोळ्यांना दिसत नाहीत. लालभडक तुकड्याला कुणी हात लावत नाही. हात भाजतो तो लाली उतरल्यावर. तीनशे अंशांवरची चांदी आणि गार चांदी दिसायला सारखीच! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला की जमिनीलगत साचतो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. साचा ओलसर राहिला, तर ओतलेल्या धातूखाली पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त चांदी अंगावर उडते.

सर्वांत फसवे ते कॅडमियम. डाक देण्याचा जोडधातू लवकर वितळावा म्हणून ते त्यात मिसळत. ते ७६७ अंशांनाच उकळते आणि त्याचा धूर छातीत जातो. त्या वेळी फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, अंगदुखी, खोकला सुरू होतो. माणूस फ्लू समजून झोपतो आणि इकडे फुप्फुसांत पाणी भरू लागते. 'केडीएम' दागिन्यांचे एकेकाळी मोठे अप्रूप होते, ती अक्षरे याच धातूची. त्या चकाकीची किंमत कारागिरांनी श्वासाने मोजली. तेव्हा जुने ते सारे निर्धोक, असेही समजू नये. जोडधातू घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारूनच घ्यावे.

माझी उमेद बँकेत गेली. तिथल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. त्यात कुणाच्या सचोटीवर संशय नसतो. दमलेला माणूस घाईत काय करील, याचा विचार शांत डोक्याने आधीच केलेला असतो. स्वतःच शिकणाऱ्यालाही अशी दुसरी किल्ली हवी. घरात दुसरे कुणी जागे असल्याखेरीज आच पेटवायची नाही, हा पहिला नियम. सिलिंडर कुठे बंद करायचा, हे त्या माणसालाही ठाऊक हवे.

बाकीचे नियम कागदावर लिहून भिंतीला लावावेत. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे. पॉलिशच्या फिरत्या चाकापाशी मोकळे केस, ओढणी, बांगड्या, हातमोजेसुद्धा नकोत. चाक ते ओढून घेते, मागोमाग हात जातो. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीच नाही. खरे तर नवशिक्याने गंधकाम्लाच्या वाटेला जाऊच नये. सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यातही चांदीवरचा काळेपणा सावकाश निघतो. घरी सायनाइडचा मुलामा देण्याचा विचारही नको. आम्लाची बाटली सरबताच्या बाटलीशेजारी नको, आणि कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नकोत. भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये.

आणि जमल्यास जवळच्या कारागिराकडे जाऊन चार दिवस नुसते बसावे. त्याचा हात पाहावा, तो कुठे थांबतो तेही पाहावे.

आजोबांनी घडवलेले पैंजण नातीच्या पायांत जरूर वाजावेत. ते ऐकायला आजोबांची छाती आणि डोळेही शाबूत असावेत, एवढेच.