बॅटरीपासून डिकीपर्यंत

गाडीत ॲम्प्लिफायर बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात मी आधी वायरचे दोन तुकडे देतो. दोन्ही लाल, दोन्ही करंगळीएवढे जाड, दोन्हींवर ‘४ गेज’ छापलेलं. एक हातात घेताक्षणी जड लागतो, दुसरा हलका. जड तुकड्यात आतपर्यंत तांबं आहे. हलक्यात ॲल्युमिनियमच्या तारा आहेत आणि त्यांच्यावर तांब्याचा पातळ मुलामा. ब्लेडने एक तार खरवडली की खालून पांढरं दिसतं. लायटर धरला तर ॲल्युमिनियमची बारीक तार वितळून गळते, कारण ते ६६० अंशांना वितळतं. तांब्याला १०८५ अंश लागतात. ‘कम्प्लीट किट’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा ही दुसऱ्या जातीची वायर असते. पिशवीवर ‘सीसीए’ ही अक्षरं कुठेतरी बारीक छापलेली असतात, कधी तीही नसतात.

माझं दुकान मुलुंडला, एलबीएस रोडला लागून आहे. काम शिकलो ते कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि पद्मिनी तिथेच तयार व्हायची. टॅक्सीवाल्याला पुढे एक कारटेप आणि मागच्या काचेखाली दोन स्पीकर, एवढंच हवं असे. त्या टेपला थोडकाच करंट लागायचा. फ्यूजबॉक्समधून एक साधी दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली की काम झालं. ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली, पण वायरिंगची ती सवय अजून उतरलेली नाही. आज डिकीत बास ट्यूब आणि सीटखाली ॲम्प असतो, तरी ‘एक प्लस ओढा, बॉडीला मायनस मारा’ हेच चालू आहे. मला हे लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच.

घरातला २००० वॅटचा गिझर घ्या. घरात २३० व्होल्ट असतात, म्हणून तो जेमतेम ९ अँपिअर ओढतो. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते १४ च्या आसपास नेतो. व्होल्ट इतके कमी, म्हणून तीच ताकद मिळवायला करंट सोळापट लागतो. ५०० वॅटचा खरा आवाज देणारा ॲम्प भर जोरात ४५ ते ६० अँपिअर ओढू शकतो. पेट्रोलच्या छोट्या गाडीतली बॅटरी बहुतेक ३५ अँपिअर-अवरची असते, हेही सोबत लक्षात ठेवा. अक्सा किंवा गोराईला गाडी लावून, इंजिन बंद करून तासभर जोरात गाणी लावली की परतताना धक्का मारायला माणसं शोधावी लागतात, त्याचं कारण हेच.

‘खरा आवाज’ म्हणालो, कारण खोक्यावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. खोक्यावर २००० वॅट लिहिलेलं असतं आणि ॲम्पच्या अंगावर ३०-३० अँपिअरचे दोनच फ्यूज असतात. म्हणजे आत जाणार जास्तीत जास्त ६० अँपिअर. १३.८ व्होल्टने गुणलं तर ८२८ वॅट. जुन्या एबी क्लासच्या ॲम्पमध्ये यातला अर्धा, फार तर साठ टक्के भाग आवाज होऊन बाहेर येतो, बाकीचा उष्णता होतो; डी क्लासमध्ये ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर येणार कुठून? म्हणून ॲम्प घेताना खोकं बाजूला ठेवा, अंगावरचे फ्यूज मोजा आणि आरएमएस वॅट किती ते विचारा. वायर किती जाड हवी तेही त्याच फ्यूजांवरून ठरतं.

आता वायरचा हिशोब. छोट्या गाडीत बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं घेत गेलं की साडेचार मीटर सहज होतात. ८ गेज म्हणजे साधारण ८ स्क्वेअर एमएम, ४ गेज म्हणजे २१. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. ६० अँपिअर वाहत असताना ८ गेजच्या तांब्याच्या वायरीत अर्धा व्होल्टाहून थोडं जास्त वाटेतच खर्च होतं. तीच सीसीए असेल तर पाऊण व्होल्टाच्या वर जातं, कारण सीसीएची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६०-६५ टक्के. ४ गेजच्या तांब्यात मात्र पाव व्होल्टही जात नाही. बासचा ठोका पडला की ॲम्पपाशी व्होल्टेज खाली बसतं, आवाज फाटतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की ॲम्प कमी पडतोय. मग तो आणखी मोठा ॲम्प घ्यायला निघतो. माझं ऐकाल तर ॲम्प एक पायरी लहान घ्या आणि वाचलेले पैसे तांब्यात घाला.

किटमधल्या वायरीवर माझा भरवसा नसला की मी लोहार चाळीतून २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणतो. बारीक तारांची असल्यामुळे ती छान वळते. तिच्यातही ॲल्युमिनियमची मिळते, म्हणून दुकानात उभं राहूनच टोक सोलून बघायचं. किटमधली दुसरी फसवणूक म्हणजे वरचं प्लॅस्टिक जाड आणि आतल्या तारा मोजक्या. कापलेलं टोक समोर धरून आत धातू किती आणि प्लॅस्टिक किती, एवढं बघितलं तरी कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲम्पची ही वायर चावीवरून जात नाही. ती थेट बॅटरीच्या प्लसवर बसते. गाडी बंद केली, चावी खिशात घातली, लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलात, तरी ती वायर जिवंत असते. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना तिला फायरवॉलच्या, म्हणजे मधल्या पत्र्याच्या भोकातून यावं लागतं. त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार आणि वायरचं प्लॅस्टिक यांची घासाघीस सुरू होते. इंजिनची थरथर, एलबीएस रोडचे खड्डे. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. मग एक दिवस तांबं उघडं पडून पत्र्याला टेकतं. पत्रा म्हणजे बॅटरीचा मायनस. छोटी बॅटरीसुद्धा अशा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते, आणि काही क्षणांत वायरचं प्लॅस्टिक पेट घेतं.

“काका, फ्यूज ॲम्पवर आहेत की,” असं पोरं म्हणतात.

“ते ॲम्पचे, बाळा. करंट तिथपर्यंत पोचलाच नाही तर ते उडणार कसे?”

शॉर्ट झाला फायरवॉलपाशी, फ्यूज डिकीत. बॅटरी आणि शॉर्ट यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणून वायरचा स्वतःचा फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. जगभर या धंद्यात १८ इंच, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आत, असं मानतात. मी वीतभर अंतरावर बसवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तेवढाच तुकडा निराधार राहतो, म्हणून त्याला वेगळी फ्लेक्सिबल पाइप चढवून नीट बांधतो. फ्यूजचा आकडा वायर बघून ठरतो: ८ गेजच्या तांब्याला ६० पर्यंत, ४ गेजला १०० च्या आसपास, सीसीए असेल तर त्याहून खाली. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकून द्या, असं कोणी सांगितलं तर त्या माणसाकडे पुन्हा गाडी नेऊ नका. फ्यूज का उडतोय ते शोधणं हेच काम आहे.

आपल्या उपनगरात याला आणखी एक बाजू आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठेही बघा, नव्या बिल्डिंगा स्टिल्टवर उभ्या आहेत. गाड्या घरांच्या खाली, हातभर अंतराने लावलेल्या असतात आणि जिना तिथूनच वर जातो. कित्येक ठिकाणी विजेचे मीटरही त्याच तळात. रात्री दोन वाजता त्यातली एक गाडी बॉनेटमधून पेटली तर धूर जिन्याने वर चढतो. दोन-तीनशे रुपयांचा फ्यूज होल्डर न लावल्याचा धोका फक्त त्या गाडीवाल्याचा नसतो. याच स्टिल्टमध्ये उंदीर असतात, उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि वायर कुरतडतात. म्हणून बॉनेटमधली वायर मी उघडी ठेवत नाही.

केबिनमध्ये आल्यावर वायरचा पुढचा रस्ता दारांच्या उंबऱ्याखालून जातो. फूटप्लेट काढायची, कंपनीच्या वायरिंगशेजारून जागा शोधायची. तिथे पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला आपली वायर बांधायची नाही, त्याच्यावर टेस्ट लॅम्प लावायचा नाही. सीटचे रेल आणि सीटबेल्टचे बोल्ट यांच्यापासूनही लांब राहायचं. आवाजाची सिग्नल केबल दुसऱ्या बाजूच्या उंबऱ्यातून न्यायची. एक्सलरेटर दाबला की स्पीकरमध्ये ‘कुँई’ आवाज चढत जातो, त्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा खराब अर्थिंगमध्ये सापडतं.

बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. मुंबईत तर निम्म्या गिऱ्हाइकांकडे सीएनजी. सिलिंडर डिकीत, आत २०० बारच्या आसपास दाब, आणि त्याची स्टीलची पाइप गाडीच्या पोटाखालून पुढे जाते. काही नव्या गाड्यांत दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवतात, वर सपाट जागा दिसते आणि ॲम्प स्क्रूने थेट तळावर ठोकायचा मोह होतो. तळात काहीही ठोकायच्या आधी मी गाडीखाली झोपून टॉर्चने बघतो. सीएनजीच्या गाडीत ॲम्प शक्यतो पुढच्या सीटखाली घेतो. वायरही आखूड होते आणि गॅसचे जोड असलेल्या डिकीत गरम वस्तू येत नाही. सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ मारलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. तो अर्थ मी त्याच दिवशी काढतो, मालक नको म्हणाला तरी. दर तीन वर्षांनी सिलिंडर तपासणीला उतरवावा लागतो, तेव्हा त्याच्या आसपास कोणतीही वायर नसावी हे बरं.

मायनसच्या वायरीला कोणी मान देत नाही. प्लसला ४ गेज आणि मायनसला हाताला लागेल तो तुकडा, असं सर्रास असतं. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, म्हणून जाडी दोन्हींची सारखीच हवी. अर्थची वायर हातभरापेक्षा कमी, पत्र्यावरचा रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत घासलेला, खाली दातेरी वॉशर, वरून बोल्ट घट्ट, आणि शेवटी गंज लागू नये म्हणून ग्रीसचा हात. वायरच्या टोकावरची थिंबल पक्कडीने चेपून चालत नाही, क्रिंपिंगचं हत्यार लागतं. सैल जोडात फक्त ०.०१ ओहम रोध राहिला तरी ६० अँपिअरला तिथे ३६ वॅट उष्णता तयार होते. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे, आणि त्याने शिसं वितळतं. गाणं सतत एवढा करंट ओढत नाही हे खरं. पण बासच्या प्रत्येक ठोक्याला तो जोड तापतो, निवतो आणि आणखी सैल होत जातो.

पावसाळा या सगळ्याची परीक्षा घेतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पण तेवढं पाणी कशाला, अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली तरी कार्पेटखालचा फोम भिजतो आणि कित्येक दिवस ओलाच राहतो. आपली वायर नेमकी तिथूनच गेलेली. तांब्यावर हिरवा थर चढतो, तो घासून काढता येतो. सीसीएच्या टोकाला मात्र ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, कारण दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्सोवा, मढकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेनेही हेच होतं. ऑक्टोबरमध्ये एकदा फूटप्लेट उघडून बघा. टोकं काळी किंवा पांढरी दिसली तर कापून नव्याने थिंबल मारून घ्या.

बॅटरीवरच्या गाड्यांबद्दल हल्ली रोज विचारतात. त्यांतही साधारण १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ॲम्प तिच्यावरच चालतो, पण तिला भरणाऱ्या कन्व्हर्टरची मर्यादा कंपनीकडून विचारून घ्यावी लागते. केशरी रंगाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांना मीही हात लावत नाही. आणि गाडी कुठलीही असो, बसवलेलं सामान विमा कंपनीला कळवा. पॉलिसीत विजेच्या जादा ॲक्सेसरीजची वेगळी नोंद करता येते, थोडा जादा हप्ता पडतो. न कळवलेल्या वायरिंगमुळे आग लागली तर दावा अडकतो.

काम संपलं की मी गिऱ्हाइकाला गाडीतच बसवतो. इंजिन चालू, आवाज तो रोज ठेवतो तेवढा. मीटर आधी बॅटरीच्या टोकांवर लावतो, मग ॲम्पच्या टोकांवर, आणि दोन्ही आकडे त्याला वाचायला लावून बिलावर लिहितो. फरक अर्धा व्होल्टाहून जास्त निघाला तर पैसे घेत नाही, फूटप्लेट पुन्हा उघडतो. दहा-पंधरा मिनिटं गाणी वाजू दिल्यावर फ्यूज होल्डर, अर्थचा बोल्ट आणि प्रत्येक थिंबल हात लावून बघायला सांगतो. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड मी नव्याने करतो.