वंशाचे वतन आणि पेशाची सनद

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डोंगरी गावात, बहिणीच्या सासरी, मी चार दिवस मुक्कामाला होतो. एका दुपारी भाचा संगणकापुढे बसला असता पडद्यावर बैलाच्या मस्तकाचा, धिप्पाड देहाचा एक पुरुष उभा राहिला, आणि त्याच्या शेजारी उमटलेल्या चिन्हांच्या रांगेत काही चिन्हे उजळलेली, तर काही विझलेली दिसली. "मामा, ह्याला पॅलाडिन करू का? पूर्वी ह्याला होऊच देत नव्हते," तो म्हणाला. कोण होऊ देत नव्हते, का देत नव्हते आणि पुढे कोणत्या आधारावर मुभा मिळाली, हे प्रश्न त्यानंतर माझ्या मनातून जाईनात.

हा खेळ म्हणजे ब्लिझर्ड कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू केलेले 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. देशोदेशींचे सहस्रावधी लोक एकाच काल्पनिक भूमीवर एकाच वेळी वावरतात, आणि तेथे प्रवेश करण्यापूर्वी प्रत्येकाला दोन गोष्टी निवडाव्या लागतात. पहिली वंश: मनुष्य, खुजा, एल्फ, ऑर्क, बैलमुखी टॉरेन इत्यादी. दुसरी, ज्याला खेळाडू 'क्लास' म्हणतात आणि ज्याला मी आपल्या जुन्या शब्दाने पेशा म्हणेन: योद्धा, शिकारी, पुरोहित, मांत्रिक वगैरे. पेशावरून रणातील काम ठरते. कोणी घाव अंगावर झेलतो, कोणी सोबत्यांच्या जखमा भरून काढतो, कोणी शत्रूवर मारा करतो. मात्र प्रत्येक वंशाला प्रत्येक पेशा मोकळा नसतो, आणि नवा वंश खेळात आणावयाचा म्हटला की त्याच्या पदरात कोणते पेशे घालावयाचे, हा कर्त्यांपुढचा पहिला आणि सर्वांत नाजूक निवाडा ठरतो.

ह्या निर्बंधाचे मूळ संगणकाच्या खेळांहून जुने आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला, त्यात खुज्याने योद्धाच व्हावे आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच चढावे, त्याहून ठेंगण्या हाफलिंगाने चौथ्या पायरीवरच थांबावे, असा दंडक होता. मनुष्याला मात्र मर्यादा नव्हती. १९८१च्या आवृत्तीत तर 'खुजा' हाच एक पेशा होऊन बसला. जन्म आणि व्यवसाय ह्यांत भेद असा उरलाच नाही. हे कुलूप निघावयास २००० साल उजाडावे लागले.

'वॉरक्राफ्ट'मध्ये दोन शत्रुपक्ष आहेत, अलायन्स आणि होर्ड, आणि आरंभी पॅलाडिन, म्हणजे पवित्र प्रकाशाचे व्रत घेतलेला शस्त्रधारी, हा पहिल्याच पक्षाला, तर पंचमहाभूतांना आवाहन करणारा शामन दुसऱ्यालाच उपलब्ध होता. कथेला ते शोभून दिसे. व्यवहारात मात्र चाळीस-चाळीस जणांनी मिळून एखाद्या महाराक्षसावर चालून जावयाचे असता एका पक्षाजवळ असलेले सामर्थ्य दुसऱ्याजवळ मुळीच नसे, आणि लढत दोघांनाही न्याय्य व्हावी म्हणून कर्त्यांना फार कसरत करावी लागे. जानेवारी २००७मध्ये आलेल्या दोन नव्या वंशांनी ही कोंडी फोडली: ड्रॅनाय अलायन्समध्ये शामनविद्या घेऊन आले, आणि ब्लड एल्फ होर्डमध्ये पॅलाडिन घेऊन. ज्यांचा प्रकाशावर विश्वासच उरला नव्हता त्या ब्लड एल्फांनी एका तेजोमय प्राण्याला बंदिवान करून त्याचे सामर्थ्य शोषून घेतले, अशी कथा त्यासाठी रचली गेली. गरज हिशेबाची होती, पण उत्तर काव्याने दिले गेले, आणि माझ्या मते खेळकर्त्याची खरी कसोटी येथेच लागते.

डिसेंबर २०१०मध्ये गॉब्लिन आणि वर्गेन आले. वर्गेन हे मूळचे मानव, शापाने लांडग्याचे रूप पावलेले. त्यांना वृक्षपशूंची उपासना करणारे ड्रुइड होण्याची मुभा मिळाली, परंतु ज्या मानवकुळातून ते आले त्याचा पॅलाडिनपेशा मात्र त्यांना नाकारला गेला. त्याच वेळी जुन्या वंशांच्या दप्तरातही फेरफार झाले, आणि भाच्याच्या टॉरेनला पॅलाडिनपद लाभले ते तेव्हाच. टॉरेन लोक पृथ्वीमातेचे उपासक. सूर्य आणि चंद्र हे तिचे दोन नेत्र, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या ड्रुइडांनी आजवर चंद्राचीच आराधना केली, मग दुसऱ्या नेत्राकडे पाठ का फिरवावी, असा विचार त्यांच्यापैकी काहींच्या मनात उठला आणि 'सनवॉकर' हा सूर्यव्रती पॅलाडिनांचा पंथ निघाला. विष्णूचे नेत्र सूर्यचंद्र मानणाऱ्या आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. नवा अधिकार येथे बाहेरून चिकटवलेला नाही. तो त्यांच्याच श्रद्धेच्या पोटातून निघाला आहे, म्हणूनच मला तो सर्वांत अधिक भावतो.

पुढे २०१२मध्ये पांडारेन हा पांडामुखी वंश आला. २०२२च्या नोव्हेंबरात आलेल्या ड्रॅक्थिर ह्या ड्रॅगनरूपी वंशाला एव्होकर हा एकच पेशा दिला गेला, आणि त्याच वेळी मांत्रिक, पुरोहित आणि 'रोग', म्हणजे लपूनछपून वार करणारा घातकी, हे तीन पेशे ड्रॅक्थिर सोडून सर्व वंशांना खुले करण्यात आले. दार उघडले ह्याचा मला आनंदच आहे. पण टॉरेनाच्या वेळी जशी कथा सांगितली गेली तशी प्रत्येक वंशाच्या वाट्याला आली नाही, ह्याची खंतही आहे.

मुक्काम डोंगरीत असल्यामुळे ह्या विषयाची दुसरी बाजू सहजच डोळ्यांपुढे आली. हे गाव ज्यावर वसले आहे त्या धारावी बेटावर उत्तनचे कोळी दर्यावर जात, राई-मुर्ध्याचे आगरी मिठागरे राखीत, डोंगरीचे शेतकरी भात पिकवीत; येथे पेशा आधी आणि त्यावरून जात, असा व्यवहार होता. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्यांनीही हे भेद सोडले नाहीत. पुढे इंग्रजी अंमलात सरकारी नोकऱ्यांसाठी गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले, तेव्हा ह्या मुलखातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, कंपनी सरकारच्या चाकरीत आपण आधीपासून होतो ह्याची आठवण राहावी म्हणून, २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापून 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. खेळात वंश आधी घडतो आणि मग त्याला पेशे वाटले जातात. येथे निरनिराळ्या पेशांच्या लोकांनी, एका नव्या पेशाचे दार आपल्याला उघडे राहावे म्हणून, एक सामाईक नाव घडविले.

हे मी भाच्याला सांगत असता त्याचे आजोबा ओटीवरून आत आले. त्यांनी चष्मा सावरून त्या बैलमुखी सूर्यव्रत्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्याच्या बापाचा धंदा काय होता?" भाच्याने वरपासून खालपर्यंत पडदा धुंडाळला. असा रकाना त्यावर कोठेच नव्हता.