गोळी डोक्यासाठी, घरघर छातीत

गरोदर बायकांनी टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, घेऊ नये, असं ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलं आणि घरोघरच्या तापाच्या गोळीला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. गरोदरपणी ती घेतल्याने मुलाला ऑटिझम होतो, हा त्यांचा दावा लंगडाच आहे. पण त्या गदारोळात वेदनाशामक गोळ्यांचं छातीशी असलेलं जुनं वैर कुणाला आठवलं नाही. त्यात मुख्य संशयित आहे अ‍ॅस्पिरिन, आणि तिच्या पंगतीतल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक.

दमा, नाकात वाढलेलं मांस आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणं, हे त्रिकूट पॅरिसच्या विडाल यांनी १९२२ मध्येच नोंदवलं होतं. नाव मात्र मिळालं ते १९६८ मध्ये त्यावर लिहिणाऱ्या सॅम्टर यांचं. अशा माणसाने दाढदुखीसाठी गोळी घेतली की तास-दोन तासांत नाक गळतं, छाती आवळते, चिकट कफ दाटतो. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण ७ टक्क्यांना हा त्रास असतो.

गोळीने असं का होतं, हे कोडं सोडवलं ते पोलंडमधल्या क्राकूवच्या आंद्रझेई श्चेक्लिक यांनी. हा डॉक्टर मला फार आवडतो. वैद्यकीवरच्या त्याच्या पुस्तकाला कवी मिलोश यांची प्रस्तावना आहे, यावरून माणसाची जात कळावी! अ‍ॅस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं. जी वेदनाशामकं ही प्रोस्टाग्लँडिन रोखतात, तीच या रुग्णांना दम लावतात, हे श्चेक्लिक यांनी १९७५ मध्ये मांडलं. पाटाचं एक बारं बुजवलं की पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरतं, तसं काहीसं होतं. हा दुसरा वाफा ल्युकोट्रिन या रसायनांचा. ती श्वासनळ्या आवळतात आणि त्यांच्या अस्तरातून कफ पाझरायला लावतात.

पॅरासिटामॉलचं काय? दोन लाखांहून अधिक मुलांच्या जागतिक पाहणीत, २००८ मध्ये, तान्हेपणी ते दिलेल्यांत दमा जास्त दिसला. पण तापलेल्या, खोकणाऱ्या बाळालाच ते जास्त दिलं जातं, हे उघड आहे. पुढे दम्याच्या ३०० लहान मुलांवर प्रत्यक्ष चाचणी झाली. २०१६ च्या त्या निकालात दमा बळावण्याच्या बाबतीत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांत फरक निघाला नाही. माझ्या मते पहिल्या पाहणीचा बाऊ तिथेच संपायला हवा होता. गंमत म्हणजे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून देतात ते अ‍ॅसिटिलसिस्टीन मुळात कफ पातळ करण्याचं औषध!

कोडीन, मॉर्फिन या वेदनाशामकांची तऱ्हा निराळी. ती खोकल्याची उबळच दाबतात. कफ तयार होतो तेवढाच, पण बाहेर पडत नाही. जुनाट कफवाल्याला ते महागात पडतं.

तेव्हा दमा असेल, नाकातलं मांस काढूनही पुन्हा वाढत असेल, तर मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.