कॉपियर दुरुस्तीतलं पहिलं प्रमाणपत्र

कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेचं ‘ए प्लस’ प्रमाणपत्र 1993 पासून दिलं जातं. ते मुख्यतः संगणक दुरुस्तीचं, पण त्यात प्रिंटरचाही भाग आहे. दोन परीक्षा, प्रत्येकी 90 मिनिटांच्या. पदवीची अट नाही, आणि कॉपियर दुरुस्तीत उतरू पाहणाऱ्या नवशिक्याला हा मोठाच आधार आहे.

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे लेझर छपाईचे टप्पे. ड्रमवर विद्युतभार चढतो, लेझर त्यावर अक्षरं उमटवतो, टोनर चिकटतो, कागदावर उतरतो, फ्युझरच्या उष्णतेने पक्का होतो आणि ड्रम पुसला जातो. हा क्रम डोक्यात बसला की बिघाड स्वतःच बोलू लागतो. बोटाने घासल्यावर अक्षर पुसलं गेलं तर आधी फ्युझर पाहायचा. तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा उमटत असेल तर पट्टीने अंतर मोजायचं; ज्या रोलरचा किंवा ड्रमचा परीघ तेवढा भरेल, दोष बहुधा तिथेच. हे न शिकलेला मुलगा एकेक सुटा भाग बदलून पाहतो आणि भुर्दंड दुकानदाराला पडतो.

प्रमाणपत्राने हात मात्र तयार होत नाही. अडकलेला कागद न फाडता काढणं, कागद आत ओढणाऱ्या पिकअप रोलरची झीज बोटांनी ओळखणं हे उस्तादाशेजारी बसूनच येतं. विशिष्ट मॉडेलचं प्रशिक्षण तर कंपन्या स्वतंत्रपणे देतात. तरीही ओळखीपाळखी नसलेल्या मुलाला पहिल्या मुलाखतीत दाखवायला हातात काहीतरी हवंच, आणि ते या कागदाने मिळतं.