घोयऱ्याला केवढी पेटी लागते?

पावसाची चाहूल लागली की मुंबई, ठाणे, नाशिककडच्या गाड्या जव्हारकडे वळतात. राजवाडा, सनसेट पॉइंट, दाभोसा धबधबा पाहून मंडळी मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरकडे निघतात. अशा रस्त्यावर डुलत डुलत डांबर ओलांडणारा घोयरा, म्हणजे शॅमेलिऑन, दिसला की गाडी थांबते आणि फोटो निघतात. मग कुणीतरी विचारतो, ‘घरी न्यायचा तर पेटी केवढी घ्यावी?’ उत्तरही तयारच असतं : ‘माशांची जुनी टाकी बास झाली. तो कुठं हलतो!’

हे उत्तर इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने दिलं जातं की आता त्याचा राग येतो. कारण त्यात प्राण्याचा जीव जातो आणि नेणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आधी कायद्याचं पाहू. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते, कॅमेलिओ झेलॅनिकस. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत तिचा समावेश आहे. या कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं आणि सापळा लावणंही शिकारच. त्यामुळे रस्त्यावरचा घोयरा डब्यात घालून घरी नेला तर तो ‘पाळला’ असं होत नाही, त्याची शिकार केली असं होतं. त्यासाठी तुरुंगवास आणि दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. ‘आमच्या शेताच्या कुंपणावर होता’ ही सबबही चालत नाही. शेत मालकाचं असलं तरी कुंपणावरचा घोयरा त्याचा होत नाही.

मग पेटीची चर्चा करायचीच कशाला? कारण येमेन-सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन पाळणारे लोक आहेत आणि त्यांनाही हाच टाकीचा सल्ला मिळतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टात हे प्राणी आहेत. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली म्हणजे काचेची टाकी योग्य ठरली, असं मात्र नाही.

टाकी आडवी असते, शॅमेलिऑन उभ्या जगात राहतो. त्याच्या प्रत्येक पावलाची बोटं दोन आणि तीन अशा दोन गटांत जुळलेली असतात, चिमट्यासारखी. ती फांदी धरण्यासाठीच घडली आहेत. सपाट तळावर तो चालतो, पण नाइलाजाने. मोठ्या व्हेल्ड शॅमेलिऑनसाठी जाणकार साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा सुचवतात. त्यात खऱ्या फांद्या आणि दाट पानं हवीत. ‘तो कुठं हलतो’ म्हणणाऱ्यांनी त्याला सकाळी उन्हाकडे आणि दुपारी सावलीत सरकताना पाहिलेलं नसतं. अंगाचं तापमान तो अशी जागा बदलूनच राखतो. बंद टाकीत बदलायला दुसरी जागाच उरत नाही. मे महिन्यात अशी टाकी उन्हात ठेवली की तिची भट्टी होते.

आता जव्हारचा पाऊस आठवा. जुलैत भिंती घाम धरतात, कपाटातल्या चपला बुरसटतात. अशा दमट दिवसांत कोंडलेल्या हवेच्या काचेच्या पेटीत बुरशी वाढते आणि शॅमेलिऑनला श्वसनाचे आजार जडतात. जाळीतून हवा खेळती राहते.

काचेचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. हाडांत कॅल्शियम मुरायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण लागतात. साधी काच हे किरण जवळपास सगळे अडवते. म्हणून खिडकीतल्या टाकीवर कितीही ऊन पडलं तरी आतल्या प्राण्याची हाडं मऊ पडून वाकत जातात. शिवाय काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. एकलकोंड्या प्राण्याला तो समोर ठाकलेला प्रतिस्पर्धी वाटतो. त्याचे रंग गडद होतात आणि मालक खूश होऊन म्हणतो, ‘बघा, रंग बदलला!’

पाण्याची वाटी ठेवली की काम झालं, असंही नाही. साठलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखत नाही; पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. भरल्या वाटीशेजारी तो तहानेने मरू शकतो.

बाकीचे समज लवकर उरकता येतात. घोयरा विषारी नाही, त्याच्या फुंकरीने किंवा चाव्याने माणूस मरत नाही. या एका भीतीपायी तो नाहक दगडांखाली ठेचला जातो. जोडी ठेवली की त्याला करमतं, हे माणसाचं मन झालं. त्याला सोबत म्हणजे ताण. तो वारा खाऊन जगतो, असं रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तो शरीराहून लांब जीभ फेकून किडे टिपतो. आणि तो पाठीमागच्या वस्तूचा रंग घेतो, हेही खरं नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असल्याचं दाखवलं. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. हा बदल मनःस्थिती, तापमान आणि समोरचा प्रतिस्पर्धी यांच्याशी निगडित असतो. शर्टाशी नव्हे.

रस्त्यावरच्या घोयऱ्याबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी. झाडावरचा हा प्राणी जमिनीवर दिसला तर तो आजारी किंवा वाट चुकलेलाच असेल, असं नाही. मादी अंडी घालायला खाली उतरते, मऊ माती शोधते, खड्डा खणते, अंडी घालून माती सारखी करते आणि पुन्हा झुडपात जाते. अशी मादी ‘वाचवून’ टाकीत ठेवली तर तिला खणायला माती मिळत नाही, अंडी पोटातच अडकतात आणि ती दगावते.

म्हणून गाडी थांबवलीच असेल तर मागून येणाऱ्या वाहनांना हात करावा. घोयऱ्यापुढे एक काठी आडवी धरावी, तो आपणहून तिच्यावर चढतो. शेपटीला धरून ओढू नये. पालीसारखी ती परत उगवत नाही. तो ज्या बाजूला निघाला होता, त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवावी. जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि कोणत्या गावाजवळ, रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगावं.